पुली आम्ही चोरलेली नाही, ती तुमच्याच खोक्यात आहे

सर, नमस्कार.

आमच्या गॅरेजला दोन स्टार देऊन तुम्ही रिव्ह्यूत जे लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचलं. सुपरचार्जर (बेल्टने फिरणारा, इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा ब्लोअर) बसवायला दिलेली तुमची मस्टँग जीटी ठरल्यापेक्षा उशिरा हातात मिळाली आणि मधल्या काळात तुमचे फोन वेळेवर उचलले गेले नाहीत. त्याचा तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "सुपरचार्जरवर मोठी पुली टाकून पॉवर चोरली, पैसे मात्र पूर्ण घेतले" हे वाक्य तसंच सोडून देणं आम्हाला परवडणारं नाही. हे वाचून उद्या कोणी गाडी घेऊन दारात येणार नाही, आणि इथल्या पोरांची घरं याच कामावर चालतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलं तरी कृपया पूर्ण वाचा.

तुमच्या सुपरचार्जर किटमध्ये ८० मिमीची पुली, म्हणजे बेल्टने फिरणारं ब्लोअरचं चाक, होती. आम्ही ९० मिमीची बसवली, आणि ते लपवून केलेलं नाही. एस्टिमेटच्या दुसऱ्या पानावर "पुली ९० मिमी, बेल्ट त्यानुसार लांब" असं लिहिलंय, खाली तुमची सही आहे. पुली मोठी झाली की ब्लोअरच्या आतला हवा ढकलणारा रोटर हळू फिरतो. ८० भागिले ९० केलं की कळतं, साधारण ११ टक्के हळू. तुमचा ब्लोअर २.३ लिटरचा आहे, म्हणजे रोटरच्या प्रत्येक फेऱ्याला तेवढी हवा ढकलतो. फेरे ११ टक्के कमी झाले की हवाही साधारण त्याच प्रमाणात कमी होते. किटच्या ब्रोशरमधला साडेनऊ पीएसआयचा बूस्ट (हवेचा जास्तीचा दाब) आणि तुमच्या गेजवरचे सव्वासहा यांतला मोठा फरक इथून येतो.

मोठा म्हणालो, सगळा नाही. ब्रोशरचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. तिथे हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे तो पावणेचौदाच्या आसपास भरतो. ब्लोअर आत आलेल्या हवेचा दाब ठरावीक पटीने वाढवतो, वरून ठरावीक आकडा मिळवत नाही. त्यामुळे तीच ८० ची पुली तशीच ठेवली असती तरी पुण्यात गेजवर साडेनऊ दिसलेच नसते, नऊच्या जरा आत दिसले असते. आणि आत्ता सव्वासहा दाखवणारी तुमची गाडी चेन्नईच्या ट्रॅकवर गेली की पावणेसातच्या आसपास दाखवेल. आपण काहीही न बदलता. ट्यून करताना, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पेट्रोल आणि ठिणगीचं सेटिंग करताना, हे धरावं लागतं. पुण्यात सुरक्षित वाटणारं सेटिंग खाली समुद्राजवळ सुरक्षित राहीलच असं नाही.

आता मुख्य प्रश्न, मोठी पुली का? पेट्रोलमुळे. किटसोबत आलेलं मूळ ट्यून अमेरिकेतल्या ९३ ऑक्टेनसाठी आहे (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप न पेटता किती टिकतं, त्याचं माप). तुम्ही लिहिलंय, "तिकडे ९३ वर चालतं, मी तर ९५ टाकतो." सर, हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. अमेरिकेच्या पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन ऑक्टेनची सरासरी लिहितात. आपल्याकडे फक्त रिसर्च ऑक्टेन लिहितात, आणि तो आकडा नेहमी मोठा दिसतो. तिकडचं ९३ म्हणजे आपल्याकडचं ९८ च्या आसपासचं पेट्रोल. आपलं ९५ तिकडच्या मापाने जेमतेम ९० ते ९१ भरतं. म्हणजे तुम्ही वरचढ समजून जे भरता, ते त्या ट्यूनला लागणाऱ्या पेट्रोलपेक्षा कमी ऑक्टेनचं आहे. त्यात तिकडे पंपावर साधारण दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याकडे आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. त्याला त्याच हवेसाठी सुमारे ४ टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं, तो हिशेबही मूळ ट्यूनमध्ये नाही.

१०० ऑक्टेन आपल्याकडे मिळतं, पण मोजक्या पंपांवर आणि भाव लिटरला दीडशेच्या वर. हे आम्ही पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तुमचं उत्तर होतं की गाडी ट्रेलरवर न नेता चालवतच ट्रॅकवर नेणार, वाटेत मिळेल ते प्रीमियम भरणार. त्या उत्तरावर ९० ची पुली ठरली.

तुमच्या इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, ११ ला १ आहे. हे इंजिन कारखान्यातून टर्बो किंवा ब्लोअरसाठी बनलेलं नाही, ते स्वतःच हवा ओढणारं आहे. अशा इंजिनात वरून आणखी हवा कोंबली की मिश्रण ठिणगीनंतर भलत्याच कोपऱ्यातून आपोआप पेटतं. तेच नॉकिंग. कमी वेगाला ते कानाला ऐकू येतं, साडेचार-पाच हजार आरपीएमला ब्लोअरच्या शिट्टीत आणि एक्झॉस्टच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. आधी प्लगची पोर्सिलीन चिरते, मग पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटते. या इंजिनातले मूळ पिस्टन ओतीव आहेत, फोर्ज्ड (घडीव) नाहीत. कड तुटली की इंजिन खाली काढावं लागतं. त्याचा खर्च पूर्ण किटच्या मजुरीच्या कितीतरी पट होतो, आणि तेव्हा दोन स्टारही मिळाले नसते.

मग "छोटी पुली ठेवून फक्त टाइमिंग मागे घ्यायचं होतं" असंही तुम्ही लिहिलंय. करता येतं, काही ठिकाणी करतातही. आम्ही करत नाही. टाइमिंग फार मागे घेतलं, म्हणजे ठिणगी फार उशिरा पाडली, की जळण उशिरा होतं, ती उष्णता पॉवर न होता एक्झॉस्टमधून जाते आणि वाटेत व्हॉल्व्ह व कॅटलिटिक कन्व्हर्टर भाजते. शिवाय रोटर जितका वेगात, तितकी हवा जास्त तापते. ती थंड करायला किटमध्ये पाण्याचा इंटरकूलर आहे, पण पुढच्या बंपरमागचा त्याचा रेडिएटर तेवढाच आहे. उन्हाळ्यात, त्यातून ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांची सेशन. दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला इंटरकूलरनंतरची हवा ६० अंशांच्या वर गेली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच टाइमिंग कापतो. ८० च्या पुलीने मिळवलेली जास्तीची पॉवर तिथेच संपते, उष्णता तेवढी उरते. ९० ची पुली पहिल्या लॅपला जे देते ते सहाव्या लॅपलाही देते. ट्रॅकसाठी हेच बरोबर, असं माझं ठाम मत आहे.

डायनोच्या, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्राच्या, आकड्याबद्दल. ब्रोशरमधले सहाशेच्या वरचे हॉर्सपॉवर क्रँकवरचे (थेट इंजिनचे), अमेरिकेच्या गाडीचे आणि ९३ ऑक्टेनचे. आमच्याकडचे ४४५ हे चाकावरचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शिअलमध्ये १५ ते १८ टक्के जातात. हिशेब उलटा केला तर क्रँकवर सव्वापाचशे-साडेपाचशेच्या मधे कुठेतरी बसतं. भारतात विकलेली तुमची गाडी मुळात ४०१ पीएसची होती, अमेरिकेतल्यापेक्षा कमीच. त्यावर "अर्धी पॉवर दिली" हे कोणत्या हिशेबाने, ते मला खरंच समजलं नाही.

आणि एक गोष्ट लिहायची नव्हती, पण तुम्ही "गाडी अडखळते" असं जाहीर लिहिलंय म्हणून लिहावी लागते. पहिले ८०० किलोमीटर चार हजार आरपीएमच्या वर न्यायचं नाही आणि ९५ पेक्षा खालचं पेट्रोल टाकायचं नाही, हे स्टिअरिंगवर कागद चिकटवून दिलं होतं. गाडी परत आली तेव्हा ईसीयूच्या लॉगमध्ये (नोंदीत) सहा हजारांच्या वरचे पूर्ण थ्रॉटल होते, आणि नॉक सेन्सरने पाच-पाच अंश टाइमिंग मागे खेचलेलं होतं. तेच तुम्हाला अडखळणं वाटलं. टाकीतलं खालचं पेट्रोल काढून ९५ भरलं, काहीही न बदलता पुन्हा लॉग घेतला, खेचणं एका अंशाच्या आत आलं. दोन्ही लॉग तुमच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेले आहेत. ८० ची पुली असती तर त्याच पेट्रोलवर काय झालं असतं, याचा विचार करा.

बाकीचं थोडक्यात. किट तुम्ही स्वतः मागवलं होतं. ते कस्टममध्ये अडकलेले दिवस आमच्या खात्यावर धरू नका. खोक्यात आयडलर पुलीचा एक स्पेसर कमी निघाला. तो नसताना बेल्ट दोन-अडीच मिमी तिरका चालतो, कडेचे धागे सुटतात आणि वरच्या आरपीएमला घसरून बूस्ट पडतो, म्हणून तो लेथवर करून घेतला. ऑइल पंपाच्या गिअरचं बिल "जबरदस्ती" नाही. या इंजिनात ते दाबलेल्या धातूच्या भुकटीचे येतात, बूस्टवर रेव्ह लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) लागला की फुटू शकतात. फुटले की तेलाचा दाब शून्य. टाइमिंग कव्हर उघडून स्टीलचे टाकायला वेळ लागतोच. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.८ मिमी. इंटरकूलरचं पाणी व्हॅक्यूमने भरलं, कारण वरून नुसतं ओतलं की हवा अडकते आणि पंप कोरडा फिरतो. मॅनिफोल्ड उतरल्यापासून ब्लोअर बसेपर्यंत आठही पोर्ट टेपने बंद होते. बायपास व्हॉल्व्ह पूर्ण मिटतो, स्मोक टेस्टमध्ये कुठेही गळती नाही. यातलं काहीच तुमच्या रिव्ह्यूत आलं नाही, याचं वाईट वाटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि विमा कंपनीला कळवण्याची गोष्ट एस्टिमेटच्या पहिल्याच पानावर लेखी आहे, तीही तुमच्या सहीखाली.

फोनची व्यवस्था आम्ही सुधारतोय, आणि कामाचे फोटो ग्राहकाला वेळोवेळी जातील असं बघतोय.

८० मिमीची पुली आणि तिचा बेल्ट तुमच्या जुन्या मॅनिफोल्ड आणि इंजेक्टरसोबत त्याच खोक्यात आहे, डिकीत स्पेअर व्हीलच्या बाजूला. हवी असेल तर बसवून देतो, पुली काढ-घाल आणि नव्या ट्यूनची मजुरी घेणार नाही. फक्त त्यानंतर गाडीत १०० ऑक्टेनशिवाय दुसरं काही पडणार नाही, एवढं लिहून द्यावं लागेल. कोणत्याही शनिवारी सकाळी या, आदल्या दिवशी फोन करा, आणि येताना टाकी जवळजवळ रिकामी ठेवा. उरलेलं ९५ काढून टाकण्यातच नाहीतर अर्धा दिवस जातो.