‘प्रोटीन ते प्रोटीनच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. यीस्टचं प्रोटीन कसं काढलं यावर त्याचे गुण ठरतात, हे माझं म्हणणं तुम्हाला उगाच केलेला बाऊ वाटला. पोटात गेल्यावर सगळ्याची अमिनो आम्लंच होतात, असं तुम्ही लिहिलंत. वर ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांचा दाखला दिलात: त्यांनी मुंबईत गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया यीस्ट एक्स्ट्रॅक्टने बरा केला, तेव्हा पद्धत कोणी विचारली होती?

हा दाखला तर माझ्याच बाजूने बोलतो. विल्स यांचं १९३१ साली प्रसिद्ध झालेलं ते काम मोठंच आहे, पण तिथे गुण आला तो फोलेट या ब-गटातल्या जीवनसत्त्वामुळे, प्रोटीनमुळे नव्हे. असा अर्क ऑटोलिसिसने काढतात: यीस्ट पन्नासेक अंश सेल्सिअसवर ठेवतात आणि पेशीतली एन्झाइम्सच आतलं प्रोटीन तोडतात. पाण्यात विरघळणारं बरंचसं, फोलेटसकट, त्या अर्कात राहतं. उलट प्रोटीन साक्याच्या रूपात वेगळं करून धुतलं, की फोलेट बहुतेक पाण्याबरोबर जातं.

ऑटोलिसिसचा अर्क पाण्यात सहज विरघळतो. ग्लुटामेट सुटं झाल्यामुळे त्याला सूपसारखी चव येते. पण तो तापवून घट्ट बसवायला जा, बसत नाही, कारण जाळं विणायला प्रोटीनच्या लांब साखळ्याच उरलेल्या नसतात. त्या शाबूत हव्या असतील तर पेशी उच्च दाबाच्या होमोजिनायझरमध्ये किंवा काचेच्या मण्यांनी फोडतात, आणि तेही थंड ठेवून. नाहीतर तीच एन्झाइम्स इथेही कामाला लागतात.

आता पोटाचं. अल्कलीने प्रोटीन काढलं, तर उतारा भरपूर मिळतो. पीएच १०च्या वर प्रोटीन विरघळवायचं, मग आम्ल घालून ४.५च्या आसपास खाली बसवायचं. पण अल्कली कडक आणि त्यात उष्णता, असं झालं की लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाचा काही भाग लायसिनोअ‍ॅलानिन नावाच्या वेगळ्याच संयुगात अडकतो. तेवढं लायसिन अंगी लागत नाही, पचनही मंदावतं. पाव-चपाती खाणाऱ्या आपल्याला यीस्टचा खरा उपयोग लायसिनसाठीच, कारण गव्हात नेमकं तेच कमी. म्हणजे ‘पोटात सगळं सारखंच’ हे इथे तरी टिकत नाही, आणि म्हणूनच मी हे इतक्या आग्रहाने लिहिलं.

वडिलांचं युरिक अ‍ॅसिड वाढलंय, असंही तुम्ही लिहिलंत. यीस्टमधलं आरएनए हे न्यूक्लिक आम्ल शरीरात मोडलं की त्यातून युरिक अ‍ॅसिडच तयार होतं, आणि अल्कलीने काढताना ते प्रोटीनसोबत येतं. ते वेगळं कमी करावं लागतं. यीस्टसारख्या स्रोतांतून प्रौढांनी दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त न्यूक्लिक आम्ल घेऊ नये, असं मानतात. वडिलांसाठी मर्यादा त्यांच्या डॉक्टरांनीच सांगावी. यीस्ट प्रोटीनचा डबा घेण्याआधी त्यात न्यूक्लिक आम्ल किती आहे, हा आकडा कंपनीकडून लेखी मागून घ्या.