पहाटेची उसण

परवा पहाटे साडेपाचला नळाला पाणी आले म्हणून मी अंथरुणातून उठून थेट मोरीत गेलो, वीस लिटरची भरलेली बादली उचलायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. लालबागच्या आमच्या चाळीत अशी बातमी बादली खाली टेकण्याआधी तळमजला गाठते.

पहिल्या मजल्यावरच्या माई पायाळू आहेत, आणि पायाळू माणसाची लाथ बसली की उसण उतरते, याबाबत चाळीत दुमत नाही. मला गॅलरीत कठड्याला धरून उभे करण्यात आले. माईंनी पदर खोचला, पाय माझ्या कमरेला टेकवला आणि तो तसाच ठेवून चौकशी आरंभली, "पन्नाशी उलटली ना रे?"

"अठ्ठेचाळीस, माई."

"मग कमरेला सांग ते."

तीन वेळा त्यांनी पाय हलकेच लावला. चौथी लाथ मात्र गणपतीच्या थकलेल्या वर्गणीची असावी, असा माझा दाट संशय आहे. समोरच्या गॅलरीतले दोघे तोंडात ब्रश तसाच ठेवून पाहत होते.

लाथेपेक्षा मला ती पन्नाशी झोंबली, कारण दोष वयाचा नव्हता, वेळेचा होता. रात्री आडवे झाल्यावर पाठीवरचा भार हलका होतो आणि मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण एखाद-दीड सेंटिमीटर उंच असतो, पण कंबर ताठलेली असते आणि वाकताना चकत्यांवर व अस्थिबंधांवर ताण अधिक येतो. दिवसभराच्या भाराने तेच पाणी हळूहळू पिळून निघते, चकत्या बसतात, बंध सैलावतात, आणि संध्याकाळी कंबर सुमारे ५ अंश जास्त वाकते, असे १९८७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मोजून दाखवले आहे. उठल्यावर तास-दोन तास वाकू नये, एवढेच पथ्य. परंतु ज्या इमारतीत पाणी साडेपाचला येऊन साडेसहाला जाते, तिथे हे पथ्य पाळायचे कोणी आणि बादल्या भरायच्या कोणी? आमच्या नळाच्या वेळा ठरवणाऱ्याने आयुष्यात एकदाही स्वतः बादली उचललेली नसावी.

हे सगळे मी माईंना सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे लाथ चुकीच्या वेळी बसली," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सातला ये. आणि येताना वर्गणी आण."