ठोके बरे वाटले म्हणून गोळ्या बंद? त्या फॉरवर्डला उत्तर

चवथीच्या आधीपासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. ‘हृदयाचे ठोके अनियमित? डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत!’ खाली सात मुद्दे, मग जोडलेले हात, आणि सही कुणा ‘नामांकित हृदयरोगतज्ज्ञा’ची. त्या तज्ज्ञाला ना नाव ना गाव. एरवी असल्या गोष्टींना उत्तर देत बसायला मला वेळ नसतो. पण डिचोलीच्या माझ्या आतेने हे वाचून रक्त पातळ करायची गोळी बंद केली, आणि कुणाला सांगितलंही नाही. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी, १.१ आला तेव्हा फुटलं. गोळी नीट चालू असेल तर तिच्यासारख्या पेशंटचा तो २ ते ३ च्या मध्ये असावा लागतो. १.१ म्हणजे गोळी घेतलीच नाही.

तर आधी आजार समजून घ्या. आतेला एट्रियल फिब्रिलेशन आहे. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक पिशवीसारखा कोपरा असतो, तिथे रक्त साचतं, गुठळी होते, आणि सुटली की मेंदूत जाऊन बसते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. म्हणून गोळ्या दोन वेगळ्या कामांच्या असतात. मेटोप्रोलॉल, डिजॉक्सिन, अमिओडॅरोन या ठोक्यांसाठी. ॲसिट्रॉम, वॉर्फरिन किंवा नव्यातल्या अपिक्सबॅन, रिव्हॉरोक्सबॅन, डॅबिगॅट्रॅन या गुठळी होऊ नये म्हणून. घरोघरी या सगळ्या एकाच डब्यात पडतात आणि बंद करायची लहर आली की एकाच हिशेबाने बंद होतात.

‘ठोके नियमित झाले, धडधड थांबली, की गोळ्यांची गरज संपते.’ सातांतला हा सर्वांत घातक मुद्दा, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. ताप उतरला की क्रोसिन बंद, तसंच हे, असं कुणालाही वाटेल. पण कितीतरी पेशंटांना ठोके बिघडलेले जाणवतच नाहीत. दुपारी व्हरांड्यात बसून पेपर वाचत असताना हृदय थरथरत असतं आणि माणूस म्हणतो, मी ठणठणीत आहे. हे नुसतं माझं मत नव्हे. अमेरिका आणि कॅनडातल्या ४०६० रुग्णांवर ‘अफर्म’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला औषधांनी ठोके पुन्हा तालावर आणायचे, दुसऱ्या गटात ताल बिघडलेलाच ठेवून फक्त वेग आटोक्यात ठेवायचा, अशी ती तुलना होती. ताल सुधारला तर माणसं जास्त जगतील अशी अपेक्षा. तसं काही निघालं नाही. आणि आपल्या कामाची गोष्ट ही, की दोन्ही गटांत जे पक्षाघात झाले त्यांतले बहुतेक वॉर्फरिन थांबवल्यावर किंवा आयएनआर २ च्या खाली असताना झाले. ताल सुधारलेल्या गटात ठोके काही आठवडे ठीक राहिले तर वॉर्फरिन थांबवायची मुभा होती. म्हणजे हा फॉरवर्ड जे करायला सांगतो ते हजारो लोकांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करून झालंय, आणि ते अंगाशी आलंय. आता ते प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात पुन्हा करून बघायची काय हौस?

‘रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदराचं विष.’ आते यालाच सगळ्यांत जास्त घाबरली. खरं सांगायचं तर यात तथ्य आहे, आणि तेच चीड आणतं. अर्धं सांगितलं की लोकांना तेच पूर्ण वाटतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सडका चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची. १९३३ साली एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आला. त्या शोधातून पुढे वॉर्फरिन निघालं, आणि आधी उंदरांसाठी विकलं गेलं हेही खरं. १९५४ साली ते माणसांसाठी मंजूर झालं, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आल्यावर दिलं गेलं. उंदराला ते बेहिशेबी पोटात जातं, आपल्याला मिलिग्रॅममध्ये, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून. ती सुई टोचून घ्यायचा कंटाळा येतो, मान्य. पण विष आणि औषध यांच्यात फरक करते ती तीच तपासणी.

मात्रेवरून आठवलं. आते अर्धी गोळी विळीवर करते. कधी पाऊण पडते, कधी पाव, बाकीचा चुरा डब्याच्या तळाला. ॲसिट्रॉम १ मिलिग्रॅममध्येही मिळते, ती लिहून मागा. वर्षभराचा आयएनआरचा निम्मा गोंधळ मिटेल.

‘हिरवी भाजी पूर्ण वर्ज्य.’ चूक. पालेभाजीतलं ‘के’ जीवनसत्त्व ॲसिट्रॉम-वॉर्फरिनच्या विरुद्ध काम करतं, एवढं बरोबर. पण त्यावर उपाय भाजी सोडणं नव्हे, रोज साधारण सारखीच खाणं. आपल्याकडे खरी गडबड श्रावणात होते. एरवी शीत-हुमणावर असलेलं घर मासळी बंद करतं आणि महिनाभर तांबडी भाजी, तायकिळा, शेवग्याचा पाला. आयएनआर खाली येतो आणि पेशंट म्हणतो, मी तर पथ्य पाळलं! श्रावण पाळा की, फक्त त्या महिन्यात रक्त एकदा जास्त तपासून घ्या. अपिक्सबॅनसारख्या नव्या गोळ्यांना हा भाजीचा प्रश्नच नाही, आयएनआरही लागत नाही. मग सगळ्यांना त्याच का देत नाहीत? कारण हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवली असेल, किंवा वातज्वराने हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप बरीच आकसली असेल, तर जुनीच गोळी लागते. ते आपलं आपण ठरवायचं नसतं.

‘अमिओडॅरोनने थायरॉइड जातो.’ जाऊ शकतो. हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय. त्या गोळीत भरपूर आयोडीन असतं, म्हणून थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी साधारण सहा महिन्यांनी हवीच; फुप्फुसालाही कधीकधी त्रास होतो, नवा खोकला किंवा दम लागला तर लगेच सांगायचं. उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते, तेव्हा काजूच्या बागेत जाताना पूर्ण बाह्या आणि टोपी. पण ही गोळी शरीरात कित्येक आठवडे, कधी महिनेही राहते, त्यामुळे आज बंद केली म्हणून उद्या त्रास जात नाही.

आणि पेशंटांच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणतच नाही. मेटोप्रोलॉलने जिना चढताना पाय ओढल्यासारखे वाटतात, हातपाय गार पडतात. डिजॉक्सिन वाढलं तर अन्नावरची वासना जाते, मळमळतं, आणि वयात किडनी मंदावली की ते वाढतंच. दात घासताना हिरड्यांतून रक्त, दंडावर न कळता उठलेला निळा डाग. आते हे सगळं भोगत होती आणि ओपीडीतल्या गर्दीत तिला कुणी विचारलं नाही. तो फॉरवर्ड ‘तुम्हाला थकवा येतो का?’ असं विचारतो, म्हणून तिला तो आपला वाटला. नंतर डॉक्टरांना नीट सांगितलं तेव्हा मेटोप्रोलॉलचा डोस निम्मा झाला आणि आता ती देवळापर्यंत चालत जाते. अचानक बंद करायची मात्र तीही गोळी नव्हे, ठोके उलट उसळतात.

‘गोळ्यांऐवजी अर्जुनाची साल आणि लसणाचं पाणी’: गुठळी रोखायला याचा आधार नाही, आणि ॲसिट्रॉमच्या जोडीला मूठभर लसूण चढवला तर रक्तस्राव वाढायची भीती. गुडघेदुखीसाठी फार्मसीतून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी तर त्याहून वाईट. ‘डॉक्टरांना कमिशन’: वॉर्फरिन ही बाजारातल्या स्वस्त गोळ्यांपैकी, त्यात कुणाचं घर बांधून होणार नाही. पुढे.

शेवटचा मुद्दा वाचून कपाळाला हात लावला. ‘पक्षाघात आला तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, रुग्ण उठून बसेल.’ गुठळी मेंदूत आणि टोचणार बोटाला, तेही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याच्या! तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर १०८ लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि सुई शोधण्यात गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो. फाईल बरोबर घ्या. रक्त पातळ करायची गोळी कोणती आणि शेवटची कधी घेतली हे पोचल्या पोचल्या सांगा, कारण ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं.