लेबल खोटं असलं तर टक्केवारी काढून काय उपयोग? व्हे प्रोटीनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी आधी थोडक्यात संदर्भ. व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतून काढलेली प्रोटीन पावडर) घेताना स्कूपमधल्या, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्यातल्या, प्रोटीनची टक्केवारी काढून तुलना करा, असं लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की लेबलच खोटं असेल तर ही नुसती आकडेमोड झाली. शिवाय अमिनो स्पायकिंगबद्दल, म्हणजे स्वस्त नायट्रोजनयुक्त पदार्थ मिसळून प्रोटीनचा आकडा फुगवण्याबद्दल, लेखात काही नाही, अशी तुमची तक्रार. ‘आयसोलेट घ्या, लॅब रिपोर्ट बघा, विषय संपला’ एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं, असंही तुम्ही म्हणता (आयसोलेट म्हणजे जास्त गाळलेलं व्हे). आणि तुमच्या मते पावडर गरम पाण्यात टाकली की असली-नकली कळतंच.

लेबल खोटं असू शकतं, यात वाद नाही. पण पुष्कळदा खोटं छापायची गरजच पडत नाही. खरेच आकडे अशा बेताने मांडता येतात की घेणारा आपणहून फसतो. टक्केवारी आधी काढायची ती यासाठी.

दोन डबे घ्या. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘२४ ग्रॅम प्रोटीन’. पहिल्याचा स्कूप ३३ ग्रॅमचा, डबा १ किलोचा. दुसऱ्याचा स्कूप ३० ग्रॅमचा, डबा २ पौंडांचा म्हणजे ९०७ ग्रॅमचा. पहिल्यात प्रोटीन निघतं ७२.७ टक्के, म्हणजे अख्ख्या डब्यात ७२७ ग्रॅम. दुसऱ्यात ८० टक्के, म्हणजे ७२६ ग्रॅम. किंमत सारखी असेल तर १ किलोवाला डबा स्वस्त वाटतो, पण त्या ९३ ग्रॅम जादा पावडरीतून तुम्हाला मिळतं एक ग्रॅम प्रोटीन. बाकी सगळं साखर, स्निग्धांश, कोको, घट्टपणा आणणारे पदार्थ. आता तिसरा डबा बघा: ‘२५ ग्रॅम प्रोटीन’, पण स्कूप ४६ ग्रॅमचा. समोरून बघितलं तर आकडा तिघांत सर्वात मोठा, प्रत्यक्षात ५४ टक्के. यातलं एकही लेबल खोटं नाही.

म्हणून तुलना करायची ती डब्याच्या किंमतीला डब्यातल्या एकूण प्रोटीनने भागून. किती स्कूप बसतात यावरून करायची नाही, कारण स्कूपचं माप ठरवणं कंपनीच्या हातात असतं.

लेबलवर खरोखरच गडबड असेल, तर तीही पुष्कळदा याच आकडेमोडीत उघडी पडते. प्रोटीन, कार्बोहायड्रेट आणि फॅट यांची बेरीज करा आणि स्कूपच्या वजनातून वजा करा. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४, ४ आणि २ असे आकडे असतील तर ३ ग्रॅम उरतात. पावडरीत ४-५ टक्के ओलावा असतोच, तो झाला दीड ग्रॅम. राहिलेले खनिजांचे. हिशेब बसला. पण ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २७, २ आणि १.५ लिहिलं असेल, तर बेरीज साडेतीस होते. स्कूपपेक्षा ऐवज जास्त! अशा ठिकाणी बहुधा प्रोटीनचा आकडा ओलावा वगळून, म्हणजे कोरड्या वजनावर काढलेला असतो आणि बाकीचे आकडे आहे त्या वजनावर. शिवाय ३०मध्ये २७ म्हणजे ९० टक्के, आणि चॉकलेट फ्लेवरमध्ये ९० टक्के प्रोटीन हा दावाच मुळात पटत नाही. आयसोलेटची व्याख्याच कोरड्या वजनावर किमान ९० टक्के अशी आहे. ओलावा धरला की तो आकडा साधारण ८६ वर येतो. मग कोको, लेसिथिन (पावडर पाण्यात मिसळायला मदत करणारा पदार्थ) आणि स्वीटनर जायला जागा कुठे उरते?

कॅलरीही ताडून बघा. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेट ग्रॅमला ४, फॅट ९. वरच्या २४, ४ आणि २च्या उदाहरणात ९६, १६ आणि १८ मिळून १३० होतात. पाच-सात इकडेतिकडे झाले तर ते पूर्णांक केल्यामुळे किंवा फायबरमुळे. लेबलवर १०५ लिहिलं असेल तर मात्र कुठला तरी आकडा चुकीचा आहे.

एक बारकावा, कारण यावरून उगाच भांडणं होतात. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणतात. दुधाच्या प्रोटीनसाठी हा आकडा ६.३८, सर्वसाधारण अन्नासाठी ६.२५. दोन्ही चालतात. एकाने २४ ग्रॅम दिलेलं तेच प्रोटीन दुसऱ्याने गुणलं तर २३.५ भरतं. तेव्हा दोन डब्यांतल्या अर्ध्या ग्रॅमच्या फरकावर निर्णय घेऊ नका.

तुमच्या अमिनो स्पायकिंगची मेख याच नायट्रोजनमध्ये आहे. नायट्रोजन मोजायची केल्डालची पद्धत १८८३ची, आजही वापरात आहे, आणि तिला नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही. ग्लायसीन हे स्वस्त अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनची साखळी ज्या दुव्यांची बनते त्यांपैकी एक. त्यात वजनाच्या १८.७ टक्के नायट्रोजन असतो. ६.२५ने गुणलं की १ ग्रॅम ग्लायसीन कागदावर १.१७ ग्रॅम ‘प्रोटीन’ होतं. क्रिएटिन मोनोहायड्रेटचं तर याहून भारी: ३ ग्रॅम घातलं की सव्वापाच ग्रॅम प्रोटीन दिसतं, आणि क्रिएटिन तर प्रोटीनच नव्हे. टॉरिन १ ग्रॅम घातलं तर ०.७ ग्रॅम वाढतं. २००८ साली चीनमध्ये दुधात आणि बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन मिसळलं गेलं, तेही याच पळवाटेने. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो.

आता तुमचा ‘लॅब रिपोर्ट बघा’ हा उपाय घेऊ. रिपोर्टवर ‘प्रोटीन ७८ टक्के, पद्धत केल्डाल’ एवढंच असेल, तर भेसळीची पावडरही त्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होते. स्पायकिंगविरुद्ध तो कागद काहीच सिद्ध करत नाही. हवा असतो तो अमिनो आम्लांचा तक्ता, आणि जमल्यास मुक्त अमिनो आम्लांची वेगळी तपासणी. मुक्त म्हणजे प्रोटीनच्या साखळीत न गुंफलेली, सुटी घातलेली.

तक्ता हातात आला की आधी ल्युसीन हे अमिनो आम्ल बघा. व्हेमध्ये दर १०० ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसीन साधारण १० ते ११ ग्रॅम असतं. म्हणजे २४ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २.४ ते २.६ ग्रॅम. तिथे १.८ दिसलं तर अस्सल व्हेचं प्रोटीन १७-१८ ग्रॅमच्या आसपास धरा, बाकी भरती. ही चलाखी कंपन्यांनाही माहीत आहे, म्हणून काही ठिकाणी ल्युसीनच वरून घातलेलं असतं. त्यामुळे घटकांच्या यादीत ‘एल-ल्युसीन’ वेगळं लिहिलंय का, ते बघायचं. असेल तर ही कसोटी निकामी.

मग ग्लायसीन. व्हेमध्ये ते कमीच असतं, १०० ग्रॅम प्रोटीनमागे जेमतेम २ ग्रॅम. २४ ग्रॅमच्या स्कूपमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तक्त्यात दीड-दोन ग्रॅम दिसलं तर दोन शक्यता: सुटं ग्लायसीन किंवा कोलाजेन (जनावरांच्या कातडी-हाडांतलं प्रोटीन). कोलाजेनचं प्रकरण जास्त बेरकी आहे, कारण ते खरोखरचं प्रोटीन आहे आणि मुक्त अमिनो आम्लांच्या तपासणीत सापडत नाही. पण त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसतं आणि हायड्रॉक्सिप्रोलीन हे दुसरं भरपूर असतं. व्हेच्या तक्त्यात हायड्रॉक्सिप्रोलीनचा ठळक आकडा दिसला की ते व्हेमधून आलेलं नाही, हे नक्की.

तक्ता वाचताना दोन ठिकाणी हमखास गफलत होते. एक म्हणजे तो कशाच्या प्रमाणात दिलाय: स्कूपमागे, १०० ग्रॅम पावडरीमागे की १०० ग्रॅम प्रोटीनमागे? १०० ग्रॅम पावडरीत ल्युसीन ८.२ आणि प्रोटीन ७८ असेल, तर ८.२ भागिले ७८, म्हणजे साडेदहा टक्के. उत्तम. हा भागाकार न करता ‘८.२ म्हणजे कमी’ म्हणणारे बरेच भेटतात. दुसरं, ट्रिप्टोफॅनची जागा रिकामी दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका. नेहमीच्या तपासणीत प्रोटीन आम्लात उकळून तोडतात आणि त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं. त्यासाठी वेगळी चाचणी लागते, ती प्रत्येक जण करून घेत नाही. त्याच प्रक्रियेत ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल होतं, म्हणून ‘ग्लुटामिक ४ ग्रॅम’ दिसणं व्हेमध्ये अगदी स्वाभाविक आहे. त्याची जाहिरात करण्यासारखं काही नाही.

रिपोर्टवर आणखी काय बघायचं? बॅच नंबर तुमच्या हातातल्या डब्याशी जुळतो का. नमुना तयार मालाचा आहे की कंपनीने विकत घेतलेल्या कच्च्या व्हेचा. कच्च्या व्हेचा रिपोर्ट कितीही सुंदर असला तरी पुढे त्यात काय मिसळलं, ते तो सांगत नाही. नमुना बाजारातून उचलला की कंपनीनेच पाठवला. प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यतेची आहे का. आणि शिक्के पाहून हुरळून जाऊ नका. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’चा शिक्का खेळात बंदी असलेल्या द्रव्यांसाठी प्रत्येक बॅच तपासली जाते, असं सांगतो. स्पर्धेत उतरणाऱ्याला तो मोलाचा, पण प्रोटीन लेबलइतकं भरतं की नाही, हा त्याचा विषय नाही. ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’मध्ये मात्र लेबलवरचा मजकूरही पडताळतात.

आता आयसोलेट. ‘आयसोलेट घ्या’ हा सल्ला सरसकट देण्याजोगा नाही, आणि यावर माझं मत पक्कं आहे. कॉन्सन्ट्रेट म्हणजे सहसा ८० टक्क्यांचं. त्यात थोडं फॅट आणि थोडं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, राहतं. आयसोलेटमध्ये आणखी गाळणी होते, लॅक्टोज एक टक्क्याच्या आत येतं. स्कूपमागे प्रोटीनचा फरक पडतो दोन-तीन ग्रॅमचा, तेवढंच प्रोटीन घ्यायचं तर कॅलरींचा फरक वीसेक. रोजचं एकूण प्रोटीन सारखं असेल तर स्नायूंना याने फरक पडत नाही. प्रति ग्रॅम प्रोटीन आयसोलेट महाग पडत असेल, आणि बहुधा पडतंच, तर त्याला कारण हवं.

लॅक्टोज हे ते कारण बऱ्याच जणांना वाटतं. कॉन्सन्ट्रेटच्या ३० ग्रॅम स्कूपमध्ये लॅक्टोज दीड-दोन ग्रॅम असतं, २५० मिली दुधात १२ ग्रॅमच्या आसपास. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत चालून जातं. पोट फारच नाजूक असेल किंवा दिवसाला तीन-चार स्कूप जात असतील तर आयसोलेट जरूर घ्या. पण कॉन्सन्ट्रेटने पोट फुगलं म्हणून लगेच लॅक्टोजला दोष देण्याआधी यादीत झँथन गम, ग्वार गम (घट्टपणा आणणारे), माल्टिटॉल (गोडवा आणणारं) आहेत का ते बघा. तीच मंडळी आयसोलेटच्या डब्यातही असू शकतात. आणि दुधाची ॲलर्जी असेल तर आयसोलेटही वर्ज्य, कारण ॲलर्जी प्रोटीनची असते, लॅक्टोजची नव्हे. हायड्रोलायझेट म्हणजे आधीच तोडलेलं प्रोटीन. चवीला कडू, खिशाला जड. रोजच्या वापराला त्याची गरज नाही.

आयसोलेटच्या नावाने चालणारा खेळ मात्र जरूर ओळखा. समोर मोठ्या अक्षरांत ‘आयसोलेट’, मागे यादीत पहिलं नाव कॉन्सन्ट्रेटचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे जास्त काय आहे ते पहिलं नाव सांगतं. ‘प्रोटीन ब्लेंड’ म्हणून कंसात चार नावं दिली असतील तर कुणाचा वाटा किती, ते कळायला मार्ग नसतो. आणि यादीत नुसतं ‘व्हे पावडर’ आलं तर सावध. ती न गाळलेली, वाळवलेली निवळ. तिच्यात प्रोटीन १२ टक्क्यांच्या आसपास आणि बाकी मुख्यतः लॅक्टोजच.

राहिली गरम पाण्याची परीक्षा. व्हेचं प्रोटीन साधारण ७० अंशांच्या पुढे उलगडतं आणि एकमेकांना चिकटतं, त्याच्या गुठळ्या होतात. म्हणजे गुठळ्या झाल्या तर प्रोटीन आहे एवढं कळतं. अस्सल पावडरच गरम पाण्यात गोळा होते, आणि लोक तीच नकली म्हणून फेकून देतात. पाण्यात पटकन विरघळणं हाही गुणाचा पुरावा नव्हे. तो लेसिथिनचा प्रताप. आयोडीनचे थेंब टाकून बघणारेही आहेत. स्टार्च असेल तर निळा-काळा रंग येतो, हे बरोबर. पण भरतीला जास्त वापरतात ते माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर, आणि त्याने तो रंग येत नाही. उलट कोकोमध्ये स्वतःचं स्टार्च असतं, त्यामुळे निर्दोष चॉकलेट फ्लेवरही दोषी ठरू शकतो.

घरी करण्याजोगी एकच मोजणी कामाची आहे: स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्कूप तोलायची. काठोकाठ भरून सपाट केलेले पाच स्कूप एकत्र तोला आणि पाचाने भागा. पावडर वाहतुकीत दबते, म्हणून नव्या डब्याचा वरचा आणि तळाचा स्कूप सारख्या वजनाचा भरत नाही. डबा अर्धा रिकामा दिसतो तोही याच कारणाने. निव्वळ वजन लेबलइतकं भरलं तर तक्रारीला जागा नाही. लेबलवरचे ३३ ग्रॅम स्कूपमध्ये २८च भरत असतील तर तुम्ही २४ नव्हे, २० ग्रॅम प्रोटीन घेताय.

तुम्ही सध्या वापरताय त्या डब्याचे स्कूपचं वजन, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, फॅट, ल्युसीन हे आकडे आणि घटकांच्या यादीतली पहिली पाच नावं इथेच खाली लिहा. हिशेब मांडून दाखवतो.