संथ व्हायोलिन ऐकून बीपीची गोळी सुटत नाही

माझी आत्या 68 वर्षांची आहे, नागपुरात प्रतापनगरला राहते. गेली 11 वर्षं रोज सकाळी चहानंतर बीपीची ॲम्लोडिपिन ही 5 मिलिग्रॅमची गोळी घ्यायची. एप्रिलमध्ये तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तिनं गोळी बंद केली. घरात कोणाला सांगितलं नाही. 23 दिवसांनी गुडघा दाखवायला धंतोलीत डॉक्टरांकडे गेली. तिथे सिस्टरनं सवयीनं हाताला पट्टा बांधला, तर बीपी 182/104. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, तर 178/102. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे ना? आत्या म्हणाली, "गोळी कायले पाहिजे आता? म्युझिक ऐकून राहिली ना मी रोज."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. आत्याचं डोकं दुखणं नाही, चक्कर नाही, काही नाही. गुडघा दुखला नसता तर आम्हाला कळलंच नसतं.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, रोज 20 मिनिटं संथ पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा ऐकला की 21 दिवसांत बीपी मुळापासून जातो आणि गोळी कायमची सुटते. मात्र संगीत 432 हर्ट्झचं हवं, म्हणजे वाद्यं त्या सुराला लावलेली हवीत, कारण तो विश्वाचा सूर आहे. 440 हा नाझींनी लोकांना चिडचिडं करण्यासाठी लादलेला सूर आहे. आपल्या पेट्याही 440 ला लावलेल्या, म्हणून भजनानंतर डोकं जड होतं. कुठलीही संथ क्लासिकल धून चालेल. गर्भातलं बाळ मोझार्टनं हुशार होतं, गाई जास्त दूध देतात, पाण्याचे स्फटिक सुंदर होतात. शेवटी, 11 जणांना पाठवा.

हे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं संगीत मी पंचवीस वर्षं ऐकतोय. दिवसभराच्या कामानंतर बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधली (स्वीट म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या तुकड्यांची मालिका) 'एअर' ही संथ धून लावून बसणं हा माझा रोजचा विसावा आहे. म्हणून राग दुप्पट आहे.

आधी गोळीचं. आत्याकडे घरी बीपीचं मशीन आहे आणि ती वहीत आकडे लिहिते. ती वही मी रात्री पाहिली. गोळी बंद करण्याआधीचा आकडा 146/88. बंद केल्यानंतर तिसऱ्या दिवशी 132/84, चौथ्या दिवशी 130/84. आठव्या दिवसानंतर तिनं मोजणंच सोडलं. कशाला मोजायचं, बरंच झालं ना! म्हणजे तिनं आंधळेपणानं विश्वास ठेवला नाही, मोजून ठेवला. चुकलं कुठे, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण असे आकडे पाहून कोणीही फसेल.

ॲम्लोडिपिन अंगातून फार हळू जातं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. गोळी सोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो बीपी दिसतो, त्यात जुन्या गोळ्यांचंच काम शिल्लक असतं. त्याचं श्रेय व्हायोलिनला गेलं.

दुसरं कारण मोजण्याच्या वेळेत आहे. आधी ती स्वयंपाक आटोपून, पदराला हात पुसत, उभ्याउभ्या मशीन काढायची. आता 20 मिनिटं डोळे मिटून बसल्यावर मोजायला लागली. बीपी मोजायची पद्धतच अशी आहे की पाच मिनिटं पाठ टेकून, न बोलता बसायचं आणि मग मोजायचं. घाईत मोजलेला आकडा आणि बसून मोजलेला आकडा यांत फरक पडणारच, मग कानात बीथोव्हेन असो की काहीच नसो. आणि तिसरं म्हणजे आपलं ऊन. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, अनेकांचा बीपी थोडा उतरतो. एप्रिलच्या नागपुरात हे वेगळं सांगायला नको.

या तिन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यात एकत्र आल्या. नंतर औषध पूर्ण उतरलं आणि बीपी वर चढला, पण तोवर वही बंद झाली होती. मेसेजमधले 21 दिवस कुठून आले मला माहीत नाही. आत्याच्या 21 व्या दिवशी तिच्या मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर काय दाब होता, ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

आणि तिची गोळी निदान ॲम्लोडिपिन होती. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीपीच्याच दुसऱ्या गोळ्या अचानक सोडल्या तर नाडी एकदम वाढू शकते, छातीत दुखू शकतं, हृदयविकार असेल तर झटकाही येऊ शकतो. त्या कमी करायच्या तर डॉक्टर हळूहळू कमी करतात. वजन उतरलं, मीठ कमी केलं, चालणं वाढलं की काहींची गोळी खरंच कमी होते. तीही मोजून, डॉक्टरांना विचारून.

आता ऑक्सफर्ड. मेसेजमध्ये ना नाव आहे ना साल. मला सापडलेलं सर्वांत जवळचं काम 2006 साली 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. इटलीतल्या पाव्हियाचे लुचानो बर्नार्डी आणि ऑक्सफर्डचे पीटर स्लाइट हे त्यातले मुख्य संशोधक. 24 जण घेतले, त्यांतले 12 संगीत शिकलेले आणि 12 न शिकलेले. त्यांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. बीथोव्हेनचं संथ संगीत होतं, व्हिव्हाल्डी होता, रॅप होतं आणि आपल्या सतारीवरचा रागही होता. मध्येच, न सांगता, दोन मिनिटांची शांतता ठेवली.

द्रुत लयीला श्वास, नाडी, बीपी वाढले. संथ लयीला विसावा दिसला. संगीत कुठल्या देशाचं यापेक्षा लय किती, याला जास्त महत्त्व होतं. हे मान्य करतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या पदरात एवढं अर्धं सत्य टाकतो: संथ संगीतानं श्वास मंदावतो, नाडी थोडी उतरते, आणि हे मनाचे खेळ नाहीत, मोजता येतं. पण त्याच प्रयोगात सगळ्यांत ठळक विसावा त्या दोन मिनिटांच्या शांततेत दिसला. संगीत थांबल्यावर नाडी आणि बीपी सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. आणि हे सगळं निरोगी माणसांत, काही मिनिटांपुरतं. बीपीचा रोगी त्यात नव्हता, गोळी सोडलेला कोणी नव्हता, 21 दिवस नव्हते. ज्या अभ्यासाच्या शीर्षकातच शांततेचं महत्त्व सांगितलंय, त्याच्या नावावर माझ्या आत्याची गोळी बंद झाली.

पुढे 432. हा भाग वाचून मी दुसऱ्यांदा भडकलो, कारण आत्यानं गोळीबरोबर पेटीही बंद केली होती. तीस वर्षं वाजवलेली पेटी, भात्याच्या कडेला पट्टी चिकटवलेली, ती चादर गुंडाळून दिवाणाखाली सरकवलेली. गुरुवारच्या भजनाला ती नुसत्या टाळांवर गात होती.

440 हा आकडा एकाच सुराचा आहे, आपल्या भाषेत पेटीवरच्या पांढरी सहाचा. आत्याचा सा काळी चार. म्हणजे 440 तिच्या गाण्यात येतो तो कोमल रिषभ म्हणून; भैरवीत येतो, भूपात येतच नाही. आपल्याकडे सा कुठे ठेवायचा हे गळा ठरवतो. एक बाई काळी चारला गाते, दुसरी काळी पाचला, पुरुष काळी एकला, आणि तानपुरा त्याप्रमाणे लावतात. विश्वाचा एकच सूर असता तर आपले सगळे गवई पिढ्यान्‌पिढ्या बेसूर ठरले असते. पेटी बाहेर काढून फोनवरच्या ट्यूनरनं मी पांढरी सहा तपासली. ट्यूनर 436 आणि 437 च्या मध्ये हलत होता. जुन्या पट्ट्या, धूळ. तिची पेटी 440 ला नव्हतीच. 432 आणि 440 मधलं अंतर एका अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. भजनानंतर तिचं डोकं जड होत असेल तर बंद हॉलमधल्या गर्दीनं आणि स्पीकरच्या आवाजानं होत असेल.

नाझींची गोष्टही खोटी. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये योहान शाइब्लरनं 440 सुचवला तो 1834 साली. तेव्हा नाझी पक्षच काय, हिटलरही जन्मला नव्हता. फ्रान्सनं 1859 मध्ये 435 ठरवला. इटलीचा संगीतकार व्हेर्दी याला 432 पसंत होता, तेही खरं. त्या काळी वाद्यवृंदांचा सूर चढत चालला होता, गायकांच्या गळ्याला त्रास व्हायचा, त्यातून हे वाद होते. 440 पक्का करणारी परिषद झाली ती मे 1939 मध्ये, लंडनला. तिथे जर्मन प्रतिनिधी होते, तसे इतर देशांचेही होते. 440 पक्का होण्यामागे एक साधं तांत्रिक कारणही होतं. बीबीसी हा सूर स्फटिकाच्या कंपनांपासून तयार करायची: त्यातून मिळालेल्या 1000 हर्ट्झला 11 नं गुणायचं, 25 नं भागायचं, झाले 440. शेजारचा 439 घेतला असता तर ती मूळ संख्या, अशा गुणाकार-भागाकारातून सहज निघत नाही.

आणि 'विश्वाचा सूर' म्हणणाऱ्यानं हर्ट्झ म्हणजे काय ते आधी बघावं. एका सेकंदातली कंपनं म्हणजे हर्ट्झ. सेकंद माणसानं ठरवला. आपल्या पूर्वजांनी दिवसाच्या 60 घटका केल्या, घटकेची 60 पळं, पळाची 60 विपळं. विपळ म्हणजे 0.4 सेकंद. त्या मोजणीत तुमचे 432 होतात 172.8. दशांश चिन्हासकट. विश्वाला सेकंद माहीत असण्याचं काही कारण नाही.

'कुठलीही संथ क्लासिकल धून चालेल' याचं प्रात्यक्षिक आत्याकडेच झालं. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीच्या मांडवातला जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, एवढंच तिला माहीत. त्यामुळे नातीनं जे लावून दिलं ते ती ऐकायची. ते होतं 'पेर ग्युंत' या नाटकासाठी नॉर्वेच्या ग्रीगनं केलेलं संगीत, त्याचा पहिला स्वीट. सुरुवातीची सकाळची धून बासरी आणि ओबोची, इतकी मोकळी की कोणालाही बरं वाटेल. त्यानंतर अतिशय संथ, फक्त तंतुवाद्यं, हळू चढणारं आणि विझत जाणारं. आत्या म्हणाली, "ते दुसरं वाजलं की मले भरून येते, कायले ते कळत नाही." ते आहे ओसेचा मृत्यू. नाटकात म्हातारी आई मरत असते आणि मुलगा तिच्या उशाशी असतो. आत्याला एक शब्द न कळता ते कळलं होतं. याला मी संगीत म्हणतो. पण याला मन शांत करायचा डोस म्हणून देणं चूक आहे. आणि त्याच स्वीटचा चौथा भाग म्हणजे डोंगरातल्या राजाचा दरबार, जो दबक्या पावलांनी सुरू होऊन ढोल-झांजांच्या दणक्यात संपतो. दुपारी डोळा लागलेली बाई त्या दणक्यानं उठून बसायची.

हायडनच्या 94 व्या सिंफनीचा संथ भाग असाच. हळुवार चाललेलं असताना अख्खा वाद्यवृंद एकदम आदळतो. बीथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीत ओढ्याकाठची निवांत दुपार आहे, आणि पुढे वादळही आहे. वाद्यवृंदाचं संगीत एका आवाजात चालत नाही, त्यातच त्याची मजा. विसाव्यासाठी लावायचं तर बाखची एअर, पाखेलबेलचा कॅनन, असं एकच चाल धरून जाणारं निवडा, आवाज कमी ठेवा, आपोआप पुढचं लागणं बंद करा.

उरलेलं पटकन सांगतो. मोझार्टचा तो प्रयोग 1993 चा, 36 कॉलेज विद्यार्थ्यांवर. ऐकवली होती दोन पियानोंची सोनाटा. ऑर्केस्ट्रा नव्हता, सुरुवात चांगली द्रुत आहे, आणि गर्भातलं बाळ कुठेच नव्हतं. आकार ओळखण्याच्या चाचणीत थोडी वाढ दिसली आणि 10-15 मिनिटांत ओसरली. गाईंचं थोडं खरं आहे: 2001 मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी गोठ्यात संथ संगीत लावलं तेव्हा दूध सुमारे तीन टक्के वाढलं. गाईचं दूध आणि आत्याचा बीपी यांचा संबंध मेसेजवाल्यानं सांगावा. पाण्याच्या स्फटिकांवर मी वेळ घालवणार नाही.

गोळी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. तीन आठवड्यांनी 136/84, पाच मिनिटं बसून, पाठ टेकून मोजलेला. पेटी दिवाणावर आली आहे. रात्री झोपताना आत्या बाखची एअर ऐकते, ते मीच लावून दिलंय.

पण तिनं तो मेसेज पुढे पाठवला होता, 11 जणींना, सगळ्या साठीच्या पुढच्या. आम्ही दोघं यादी घेऊन बसलो आणि एकेकीला फोन केला. दोघींनी गोळी बंद केली होती. त्यातल्या एकीची गोळी ॲटेनोलॉल. तिचा मुलगा त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात घेऊन गेला. सात जणींनी मेसेज वाचून सोडून दिला होता. दोघी अजून राहिल्या आहेत. एक चंद्रपूरला मुलीकडे गेली आहे आणि फोन उचलत नाही, दुसरीचा नंबर बंद येतोय. आत्या रोज दुपारी दोन्ही नंबर लावून बघते.