वकिलाची फी सरकार देतं म्हणे!

माहिती अधिकाराचं काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय साधारण असा: ‘अमेरिकेत सरकारी खात्याने कागद दडवले की नागरिक सरळ कोर्टात जातो. जिंकला की वकिलाची सगळी फी सरकार भरतं, तीही दोषी अधिकाऱ्याच्या पगारातून कापून. वकील परवडत नसेल तर स्वतः लढा, पैसे तरीही मिळतात. आणि आपल्याकडे? चपला झिजवा, हाती दमडी नाही. कायद्यात तशी सोयच नाही.’

यात खरं काहीच नाही असं नव्हे. पण जे खरं आहे त्याला इतका मालमसाला लावलाय की वाचणाऱ्याचं नुकसानच व्हावं. अमेरिकेतल्या आपल्या माणसांचंही आणि इथल्या अर्जदारांचंही. म्हणून एकेक दावा तपासू.

‘जिंकला की फी मिळते.’ सगळ्यात मोठी गफलत इथे आहे, त्यामुळे इथेच जरा जास्त थांबावं लागेल.

अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांना लागू असलेला कायदा म्हणजे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट. तिकडे त्याला ‘फॉया’ म्हणतात. १९६६ चा हा कायदा. वकिलाच्या फीचं कलम त्यात नंतर, १९७४ च्या दुरुस्तीने आलं. अध्यक्ष फोर्ड यांनी त्या दुरुस्तीवर नकाराधिकार वापरला होता, तो मोडून काढून संसदेने ती मंजूर केली. हे कलम कोर्टाला फी देण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही. आणि ती मुभा वापरण्याआधी कोर्ट दोन चाळण्या लावतं.

पहिली चाळणी पात्रतेची: तुम्ही दाव्यात बऱ्याच अंशी यशस्वी झालात का? दुसरी हक्काची: पात्र असलात तरी तुम्हाला फी द्यावी का? या दुसऱ्या चाळणीत कोर्टं चार गोष्टी बघतात. कागद बाहेर आल्याने जनतेचा काय फायदा झाला, तुमचा त्यात धंद्याचा फायदा होता का, तुमचा हेतू काय होता आणि खात्याने कागद अडवले त्याला कायद्याचा काही पटण्यासारखा आधार होता का. या चौथ्या मुद्द्यावर भले भले आपटतात. खात्याची भूमिका चुकीची ठरली, पण ‘अगदीच अवाजवी नव्हती’ असं न्यायाधीशांना वाटलं, तर कागद तुमचे आणि वकिलाचं बिलही तुमचंच.

जेफरसन मोर्ली या पत्रकाराचं प्रकरण बघा. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या काळात, १९६३ साली, जॉर्ज जोआनिडीस हा सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा अधिकारी मायामीत होता. क्यूबन निर्वासित विद्यार्थ्यांची एक संघटना त्याच्या देखरेखीखाली होती आणि त्याच संघटनेच्या लोकांची हत्येआधी काही महिने, पुढे ज्याच्यावर त्या हत्येचा आरोप आला त्या ली हार्वे ऑस्वाल्डशी खडाजंगी झालेली. पुढे १९७८ मध्ये संसदेची समिती त्या हत्येची फेरतपासणी करत होती, तेव्हा सीआयएने समितीशी समन्वय ठेवायला नेमका हाच माणूस दिला. आणि आपलं जुनं काम काय होतं हे त्याने समितीला सांगितलं नाही. मोर्लींनी त्याची कागदपत्रं मागितली, नकार आला आणि २००३ मध्येच ते कोर्टात गेले. काही कागद मिळाले. मग वकिलाच्या फीचा वेगळा लढा सुरू झाला. तो खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात आणि परत खाली असा झोके घेत राहिला. २०१८ च्या जुलैमध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने फी नाकारली. त्या दोघांतले एक ब्रेट कॅव्हॅनॉ, जे त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेले. दाखल केल्यापासून जवळपास पंधरा वर्षं, आणि फीच्या नावाने शून्य. हे प्रकरण अपवादाने ताणलं गेलं हे मान्य. पण ‘जिंकला की मिळते’ म्हणणाऱ्याने ते एकदा वाचायला हवं.

पहिली चाळणीही सरळ नाही. २००१ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने बकहॅनन नावाच्या खटल्यात एक निकाल दिला. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका वृद्धांच्या निवासाने राज्याच्या एका नियमाविरुद्ध दावा केला; दावा चालू असतानाच विधिमंडळाने तो नियमच काढून टाकला. निवासाचं म्हणणं, आम्ही कोर्टात गेलो म्हणून नियम गेला, आम्हाला फी द्या. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं: तुमच्या बाजूने निकाल कुठे आहे? हुकूम नाही, तर फी नाही. तो खटला फॉयाचा नव्हता, पण पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने तोच न्याय फॉयालाही लावला. मग काय, खात्यांना आयती पळवाट सापडली. कागद दाबून ठेवायचे, दावा रखडवायचा, अर्जदाराच्या वकिलाचे तास वाढू द्यायचे आणि निकाल जवळ आला की कागद देऊन मोकळं व्हायचं. निकाल नाही, म्हणजे फीही नाही!

ही पळवाट २००७ च्या दुरुस्तीने बुजवली. अध्यक्ष बुश यांनी ३१ डिसेंबरला त्यावर सही केली. आता खात्याने आपणहून भूमिका बदलली तरी अर्जदार पात्र ठरू शकतो, त्याचा दावा अगदीच तकलादू नसला म्हणजे झालं. पण दाव्यामुळेच कागद बाहेर आले हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराचीच. ‘यांचा अर्ज रांगेत होता, नंबर आला, कागद दिले, कोर्टाचा काय संबंध?’ असं खातं म्हणतं आणि कित्येकदा कोर्टाला ते पटतंही.

‘सगळी फी मिळते.’ नाही. मंजूर झालीच तर ‘वाजवी’ तेवढी. कोणत्या वकिलाने कोणत्या दिवशी किती मिनिटं काय केलं याच्या नोंदी मांडाव्या लागतात आणि सरकारी वकील त्यातली एकेक ओळ खोडत बसतात. वॉशिंग्टनमध्ये तर वकिलाच्या तासाचा दर अनुभवाच्या वर्षांनुसार ठरवायला तक्ते आहेत आणि कोणता तक्ता लावायचा यावरही भांडणं होतात. शिवाय कोर्टात जाण्याआधी खात्याकडे केलेल्या अपिलावर वकिलाने घालवलेला वेळ सहसा धरत नाहीत.

‘स्वतः लढा, तरी फी मिळते.’ साफ चूक. वकील नसलेल्या माणसाने स्वतःच खटला चालवला तर वकिलाची फी नावाची गोष्ट उरतच नाही. इतकंच काय, वकील असलेल्याने स्वतःचाच खटला लढवला तरी पंचाईत. १९९१ च्या के विरुद्ध अर्लर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा वकिलाला नागरी हक्कांच्या कायद्याखाली फी नाकारली आणि खालच्या कोर्टांनी तोच तर्क फॉयालाही लावला. दाव्याची नोंदणी फी, टपाल असला खर्च मात्र मागता येतो. जिल्हा कोर्टात दावा दाखल करायलाच ४०५ डॉलर पडतात, तेव्हा तेही कमी नाही.

हा मुद्दा आपल्याकडच्या बऱ्याच घरांना लागू आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेतली मंडळी स्वतःची इमिग्रेशनची फाईल फॉयाखाली मागवतात. ती फाईल तुमच्या कामाची असते, जनतेच्या नव्हे. म्हणजे चार मुद्द्यांपैकी पहिला आणि तिसरा मुळातच लंगडे. मजकूर वाचून कुणी वकील लावायला निघालं असेल तर आधी खात्याकडे अपील करा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि २००७ च्याच दुरुस्तीने नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, उभं केलेलं मध्यस्थी कार्यालय आहे, तेही फुकट.

‘अधिकाऱ्याच्या पगारातून कापतात.’ नाही कापत. फी खात्याच्या तिजोरीतून जाते. २००७ पूर्वी तर ती खात्यालाही जाणवत नसे. सरकारविरुद्धच्या निकालांसाठी अर्थखात्याचा एक कायमस्वरूपी निधी आहे, त्यातून भागायचं. आता खात्याच्या वार्षिक तरतुदीतूनच द्यावी लागते, एवढाच फरक. कोर्टाला अधिकाऱ्याचं वागणं मनमानीचं वाटलं तर वेगळी चौकशी लावता येते, पण दंडाची पावती त्याच्या घरी जात नाही.

आणि गंमत अशी की या बाबतीत आपला कायदा जास्त कडक आहे. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २० खाली अर्जाला उत्तर देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यावर व्यक्तिशः शास्ती, म्हणजे दंड, लागते, दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. ती वसूलही पगारातून होते. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याने आपल्याच घरची गोष्ट अमेरिकेच्या नावावर खपवली. फक्त शास्तीची रक्कम सरकारजमा होते, अर्जदाराच्या हाती येत नाही.

‘अमेरिकेत’ असा एकवचनी उल्लेखही फसवा आहे. फॉया केंद्राच्या खात्यांपुरता. महापालिका, शाळामंडळ, पोलीस यांना त्या त्या राज्याचा कायदा. कॅलिफोर्नियात अर्जदार जिंकला तर फी देणं कोर्टावर बंधनकारक आहे. (उलट दावा उघडउघड खोडसाळ ठरला तर खात्याचा खर्च अर्जदारावर.) वॉशिंग्टन राज्यात फी तर मिळतेच, वर दिवसाला १०० डॉलरपर्यंत दंडही अर्जदाराला मिळू शकतो. फ्लोरिडात दाव्याआधी किमान पाच कामकाजाचे दिवस खात्याला लेखी सूचना दिली नसेल तर फीवर पाणी सोडायचं. आणि बंधनकारक असलेल्या कॅलिफोर्नियातही खाचाखोचा आहेतच. सॅक्रामेंटोच्या एका वृत्तपत्राने महापौरांचे ईमेल शहराकडे मागितले. शहराने ते देऊ नयेत म्हणून महापौरांच्या एका संघटनेनेच दावा ठोकला. वृत्तपत्र लढलं, फी मागितली आणि २०१८ मध्ये अपील कोर्टाने नाही म्हटलं. का, तर हा दावा वृत्तपत्राने शहराविरुद्ध केलेला नव्हता!

मग अमेरिकेतल्या फीच्या कलमाला काही अर्थच नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. फी मिळण्याची शक्यता आहे म्हणून तिथे काही वकील आणि संस्था पत्रकारांच्या केसेस आगाऊ पैसे न घेता हातात घेतात. सरकारी वकिलालाही हे माहीत असतं, त्यामुळे तडजोडीच्या टेबलावर फीचा आकडा धरूनच बोलणी होतात. मजकुराने हे सांगितलं असतं तर कुणाची हरकत नव्हती.

आता शेवटचा दावा: ‘आपल्या कायद्यात सोयच नाही.’ आहे. कलम १९ च्या पोटकलम ८ मध्ये, दुसरं अपील ऐकणाऱ्या माहिती आयोगाला अधिकार दिलाय की अर्जदाराला झालेल्या हानीबद्दल किंवा इतर नुकसानीबद्दल सार्वजनिक प्राधिकरणाने भरपाई द्यावी, असा आदेश काढावा. शास्ती वेगळी, ही भरपाई वेगळी. आणि ही अर्जदाराच्याच हाती पडते. यात वकिलाच्या फीचं नाव नाही, कारण हा सगळा रस्ता वकिलाशिवाय चालता यावा म्हणूनच आखलाय. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये, अपिलाला वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागते. माहिती नाकारणं बरोबर होतं हे सिद्ध करायचं ओझंही अधिकाऱ्यावरच.

एका जागी मात्र त्या मजकुराची तक्रार रास्त आहे. आयोगाच्या आदेशाविरुद्ध खातं उच्च न्यायालयात गेलं की नागरिकाला सहसा वकील करावाच लागतो आणि तिथे फीची कुठलीही खास तरतूद नाही. खर्च देणं न्यायाधीशांच्या मर्जीवर. सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराखाली येतं की नाही, हा वाद आठवा. जानेवारी २००९ मध्ये केंद्रीय आयोगाने अर्जदार सुभाषचंद्र अग्रवाल यांच्या बाजूने आदेश दिला. त्याविरुद्ध अपिलं करत गेला तो सर्वोच्च न्यायालयाचाच माहिती अधिकारी, आणि शेवटचा निकाल लागला १३ नोव्हेंबर २०१९ ला. एका अर्जदाराला इतकी वर्षं कोर्टात उभं राहावं लागतं, तेव्हा निदान फी मागायचा हक्क कायद्यात असायला हवा, हे मलाही पटतं.

पण आयोगापुरतं बोलायचं तर अडचण कायद्याची कमी आणि मागण्याची जास्त. लोक जोडपत्र ‘क’, म्हणजे दुसऱ्या अपिलाचा नमुना, भरतात, ‘माहिती मिळावी व अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी’ एवढं लिहितात आणि भरपाईचा शब्दही काढत नाहीत. काही जण नुसती कलम १८ ची तक्रार करतात. त्या तक्रारीवर आयोग शास्ती लावू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश काढू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मणिपूर प्रकरणात स्पष्ट केलंय. भरपाईचा अधिकारही १९ मध्येच, अपिलाच्या कलमात आहे. तेव्हा दुसऱ्या अपिलात भरपाई वेगळी मागा, रक्कम लिहा आणि ती कशी आली तेही लिहा: सुनावणीला गेल्याचं एसटीचं तिकीट, बुडालेली रोजंदारी, झेरॉक्सची पावती, सातबारा वेळेत न मिळाल्याने हातचं गेलेलं कर्ज असेल तर बँकेचं पत्र. नुसतं ‘मानसिक त्रास झाला’ लिहून भागत नाही. सुनावणीच्या रोजनाम्यात तुमची मागणी नोंदली गेली का ते तिथेच विचारा, आणि आदेशात तिच्यावर एकही ओळ नसेल तर आयोगाला तसं लेखी कळवा.