‘जुना गडी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : कॉक, नीडल आणि थोडं माझ्याबद्दल

‘जुना गडी’ साहेब,

तुमची प्रतिक्रिया रात्री साडेअकराला वाचली आणि नंतर दीडपर्यंत छताकडे बघत पडलो. तेव्हाच उत्तर लिहिणार होतो. बायको म्हणाली, सकाळी लिहा, भाषा सुधारेल. कितपत सुधारली आहे ते तुम्हीच बघा.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लेख फोर्ड मॉडेल ए या गाडीवर होता. १९२८ ते १९३१ या काळातली ही गाडी. हिला पेट्रोल-पंप नाही. टाकी थेट डॅशबोर्डच्या पुढे, काचेखाली. कार्ब्युरेटर तिच्याहून बराच खाली. पेट्रोल आपल्या वजनानं उतरत राहतं, पाटाच्या पाण्यासारखं. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे छोट्या वाटीत, पेट्रोल चढलं की फ्लोट हा पोकळ तरंगता डबा वर येतो आणि नीडल ही सुई सीटवर, म्हणजे तिच्या छिद्रावर, दाबून पेट्रोल थांबवतो. म्हणून मी लिहिलं होतं, की गाडी उभी केली की डॅशखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करा, नाहीतर रात्रभरात पेट्रोल इंजिनात उतरेल; दाबही दीड-दोन पौंड असतो असं लिहिलं होतं. त्यावर तुमची ही प्रतिक्रिया, एक शब्द न बदलता :

“लेख वाचून करमणूक झाली. मॉडेल एचा कार्ब्युरेटर अपड्राफ्ट, म्हणजे इंजिनच्या खालच्या अंगाला. पेट्रोल वर चढून सिलिंडरमध्ये कसं जाईल? ते जमिनीवर गळतं. दीड-दोन पौंड दाब कुठून आणला? खरा दोष नीडल, सीट आणि फ्लोटचा असतो. तो काढायचा सोडून कॉक बंद करणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. शिवाय एवढा जुना कॉक स्वतःच गळतो. आयुष्यभर कॉक फिरवत बसलेल्या माणसानं नीडल कधी उघडून पाहिली नसणार. असो, लिहीत राहा.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो, म्हणजे मी हट्टी आहे असं कुणी म्हणायला नको. दाबाचा आकडा माझा चुकला. पेट्रोलच्या एक फूट उंचीला चौरस इंचावर साधारण ०.३२ पौंड दाब येतो. टाकीतली पातळी कार्ब्युरेटरच्या वर दोन फूट धरली तरी पाऊण पौंडसुद्धा होत नाही. दीड-दोन हा आकडा मी घाईत लिहिला. लेखात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

आता “नीडल कधी उघडून पाहिली नसणार.”

साहेब, हे वाक्य तुम्ही कुणाला लिहिताय याची थोडी चौकशी केली असती तर बरं झालं असतं. माझे वडील कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. आमच्याकडची मॉडेल ए त्यांनी १९७९ साली एका वाड्याच्या गोठ्यातून ओढून आणली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मी नववीत होतो. त्या गाडीचा झेनिथ कंपनीचा कार्ब्युरेटर पहिल्यांदा उघडला तो आमच्या न्हाणीघराच्या पायरीवर, जुन्या स्टीलच्या ताटात. फ्लोट कानाजवळ धरून हलवायचा आणि आत डुबुक आवाज येतो का ऐकायचं, हे मला त्या दिवशी शिकवलं गेलं. आवाज आला तर पितळी फ्लोटला भोक आहे. मग तो गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडा जिथून येईल तिथे खूण करायची, आतलं पेट्रोल पूर्ण काढायचं आणि मगच कथिल लावायचं. कथिल थोडंच. जास्त लावलं तर फ्लोट जड होतो आणि चेंबरमधली पातळी चढते. हे मी चौदाव्या वर्षी शिकलो. तुम्ही कुठल्या वर्षी शिकलात ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही.

नीडलचंही तेच. सीटवर ती कशी बसते हे पाहायला वडील सीटमध्ये तोंडानं फुंकर मारायला लावायचे, नीडल बोटानं अलगद दाबून. हवा गेली की नापास. सीटखाली फायबरचे वॉशर असतात. एक वाढवला की सीट खाली येते, नीडल लवकर बंद होते, पातळी उतरते. एक काढला की उलट. हे वॉशर आम्ही जाड पुठ्ठ्यातून कापून पाहिले आणि दोन दिवसांत ते लापशी झाले, हाही अनुभव जमेस आहे. तेव्हा ‘नसणार’ हा शब्द तुम्ही परत घेतलात तर मला आनंद होईल. नाही घेतलात तरी माझं काही अडत नाही.

आणि हे सगळं केल्यावर, नीडल घासून, सीट नवी बसवून, फ्लोट तपासून, पातळी मापून झाल्यावर, वडील काय करायचे? कॉक बंद करायचे. गाडी दारात आली की आधी कॉक, अर्धा मिनिट इंजिन तसंच चालू ठेवायचं, चेंबरमधलं पेट्रोल जरा उतरलं की मग किल्ली. एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही. नीडल स्वतःच्या हातानं बनवू शकणारा माणूस नीडलवर विश्वास ठेवत नव्हता, याचा काहीतरी अर्थ असेल ना?

अर्थ असा. टाकीत शंभर वर्षांचा गंज आहे. गाळणी कितीही साफ करा, पोह्याच्या कोंड्याएवढा एक कण कधीतरी खाली येतोच आणि नीडल आणि सीटच्या मध्ये अडकतो. तुम्ही सीट किती सुबक घासली होती याची त्या कणाला काही माहिती नसते. गाडी चालू असेल तर ही बारीक गळती कळतही नाही, कारण जेवढं पेट्रोल जास्त येतं त्याहून अधिक इंजिन पीत असतं. कळते ती गाडी उभी राहिल्यावर. पिणारं कुणी नसतं, वरून धार चालूच, आणि टाकी भरलेली असेल तर सुमारे ३८ लिटर पेट्रोल वाट बघत असतं. तुमच्या बादलीच्या उपमेला माझं उत्तर एवढंच, की छप्पर दुरुस्त केलेलं असलं तरी पावसाळ्यात मी पुस्तकांची ट्रंक खिडकीखाली ठेवत नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. १९९६ साली गणपतीत मी एका रात्री कॉक उघडा ठेवून झोपलो. दारात आरास चालली होती, पाहुणे आले होते, विसरलो. नीडल त्याच वर्षी बदललेली होती, हे मुद्दाम सांगतो. पहाटे आईला वास आला. शहाबादी फरशीवरून पेट्रोलचा ओघळ पार तुळशीपर्यंत गेला होता आणि तिथून हातभर अंतरावर समई तेवत होती. आई एक शब्द बोलली नाही, पदरानं वारा घालून समई शांत केली आणि आत निघून गेली. तेव्हापासून मी आयुष्यभर कॉक फिरवत बसलेलो आहे. ते विशेषण तुम्ही टोमणा म्हणून दिलंत, मी ते ठेवून घेतो.

अपड्राफ्टबद्दल. उभ्या गाडीत जादा पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडातून खाली गळतं हे मला ठाऊक नाही असं तुम्हाला खरंच वाटतं का? वरचाच किस्सा वाचा, पेट्रोल फरशीवर होतं. ‘इंजिनात उतरेल’ हा शब्दप्रयोग जरा सैल होता म्हणा हवं तर. पण सकाळी येऊन, चेंबर काठोकाठ भरलेला असताना, चोक ओढून सेल्फ मारा. मग ते पेट्रोल वर चढतं की नाही ते चारही ओले प्लग काढताना मोजा. आणि जमिनीवर गळतं म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारं तापलेलं नळकांडं, कार्ब्युरेटरच्याच बाजूला, त्याच्या वरच असतं. यावर यापेक्षा जास्त वाद घालण्यात मला रस नाही.

ज्यांनी मॉडेल ए कधी पाहिलीही नाही त्यांना हा सगळा तपशील परका वाटत असेल, पण तो तसा नाही. बजाज चेतक किंवा लुना ज्यांच्या घरी होती त्या प्रत्येकानं हे भोगलंय. तिथेही टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, मध्ये कॉक. कॉक उघडा राहिला की सकाळी किक मारून मारून पोटरी सुजायची, शेजारचे काका गॅलरीतून ओरडायचे “ओव्हर झाली रे, तिरकी कर!” आणि बापमाणसं ऑफिसच्या कपड्यांत स्कूटर एका अंगावर झोपवायची. त्यांतल्या किती जणांनी त्यानंतर नीडल उघडून पाहिली आणि किती जणांनी मुकाट कॉक बंद करायची सवय लावून घेतली, हे तुम्ही तुमच्या गल्लीत विचारा.

तुमचा एक चाहता खाली लिहितो, की कॉकची कटकट कशाला, टाकीखाली पेपर फिल्टर टाका, कणच येणार नाही. टाका. पंपाच्या गाडीसाठी बनवलेला फिल्टर पाऊण पौंडाच्या आत दाब असलेल्या लाइनीत बसवा आणि मग घाटात तिसऱ्या वळणावर गाडी का अडखळते याचा शोध घेत बसा. मी टाकून काढलेला आहे. पितळी जाळी आणि खाली गाळाची वाटी, बस्स.

इथेनॉलबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण दुसऱ्या एका वाचकानं विचारलं आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. मॉडेल एचा फ्लोट पितळी आहे, त्याला लगेच धक्का नाही. पण मॉडेल टी, म्हणजे मॉडेल एच्या आधीची फोर्ड, कुणाकडे असेल आणि आत जुना बुचाच्या लाकडाचा फ्लोट असेल तर त्यावरचा लाखेचा थर अल्कोहोलमध्ये सुटतो, बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि बुडतं. मग नीडल कितीही सुंदर असली तरी ती बंद करायला वर कुणी येतच नाही. तिथे कॉकशिवाय काय वाचवणार? हा मुद्दा खरं तर माझ्या बाजूचा आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

राहता राहिलं “असो, लिहीत राहा.” बाकी सगळं मी सोडून दिलं असतं. चूक दाखवा, हक्कानं दाखवा, दाबाच्या आकड्याची चूक मी मान्य केलीच की. पण पाठीवर असली थाप आमच्याकडे शाळेतल्या नाटकात काठी धरून उभं राहणाऱ्या पोराला देतात. तुमचं वय मला माहीत नाही. माझ्याहून मोठे असाल तर हा परिच्छेद वाचला नाही असं समजा. लहान असाल तर दोनदा वाचा.

आणि कधी कोल्हापूरला आलात तर घरी या. नीडल तुमच्यासमोर काढून, सीटमध्ये फुंकर मारून दाखवतो. चहाही मिळेल.

ता. क. : या उत्तरासोबत फोटो टाकावा म्हणून सकाळी कंदील घेऊन डॅशखाली वाकलो, तर कॉकच्या मागच्या नटाशी ओल होती. नट पाव आटा आवळला, थांबली. दुपारी पुन्हा बोट लावून पाहिलं, किंचित ओलसर होतं. कॉकची खुंटी (आतला फिरणारा भाग) या रविवारी घासायला काढणार आहे. याचा वरच्या चर्चेशी संबंध नाही.